कमाई आखातात, मत गावात

सरकारचे धोरण हा शब्द निघाला की आपल्या घरांत दोन गोष्टी होतात. पुरुषमंडळी टीव्हीसमोर बसून आवाज चढवतात आणि बायका भांडी आवरायला उठतात. धोरण म्हणजे दिल्ली-मुंबईच्या मोठ्या माणसांचे काम, आपल्या चुलीशी त्याचा काय संबंध, अशी दोघांचीही समजूत असते. या महिन्यात आम्ही तो संबंध चुलीपासूनच सांगणार आहोत.

समजा, दापोली, मंडणगड, म्हसळा किंवा श्रीवर्धनकडचे एक घर आहे. थोरला मुलगा कुवेतला वेल्डर, मधला जहाजावर, धाकटा दहावीत. घरात अब्बा, अम्मी, म्हातारी दादी, मोठी सून आणि तिची दोन मुले. मागच्या डागेत हापूसची काही कलमे. असे घर शोधायला लांब जावे लागणार नाही. हा अंक हातात घेतलेल्या अनेकांचे घर थोड्याफार फरकाने असेच असेल. या घरात महिन्याला किती पैसे येतात, मुलगा सुट्टीवर कधी येतो, धाकट्याचे पुढे काय होणार, आणि या सगळ्याबद्दल सरकारला जाब विचारायची ताकद घरात किती आहे, हे चार धोरणांवर ठरते. ती चार म्हणजे व्यापार, वाहतूक, कामाचे प्रशिक्षण आणि मताधिकार. पहिल्या तिन्हींची चावी चौथ्यात आहे, आणि आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो तेही चौथ्याकडेच.

कांद्याने शिकवलेला धडा

आधी व्यापार. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला. भारतातून तिकडे जाणाऱ्या बहुतेक मालावरचा आयात कर त्यामुळे कमी झाला किंवा उठला. भारतीय आंब्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांमध्ये अमिरातीचा नंबर फार वरचा आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ‘हापूस’ या नावालाही कायद्याचे कुंपण पडले. म्हणजे आपल्या डागेतली कलमे आणि दुबईच्या बाजारातली पेटी यांच्यामध्ये सरकारच्या सह्या आहेत.

पण खरा धडा आंब्याने दिला नाही, कांद्याने दिला. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली. देशात भाव वाढू नयेत हा हेतू होता. इकडे नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा भाव पडला, तिकडे आखातात कांदा महागला आणि खोलीत पाच-सहा जण मिळून स्वयंपाक करणाऱ्या आपल्या मुलांच्या खर्चात भर पडली. एकाच निर्णयाने दोन्हीकडच्या माणसांना चटका बसला.

पुढे काय झाले ते तारखा लावून पाहा. ४ मे २०२४ रोजी किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून ही बंदी उठवली गेली. नाशिक आणि दिंडोरी या मतदारसंघांत लोकसभेचे मतदान २० मे रोजी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. १ एप्रिल २०२५ पासून उरलेले शुल्कही गेले. निर्णयामागे पिकाचा अंदाज, साठा, बाजारभाव अशी कारणे असतातच, आणि ती होतीही. पण शेतकऱ्याची हाक ऐकू गेली त्यामागे एक साधे कारण होते. तो गावात होता, बाजार समितीत बोलत होता आणि मतदानाच्या रांगेत उभा राहणार होता.

आखातातल्या आपल्या मुलालाही तोच कांदा महाग पडला होता. त्याची हाक कोणाच्या कानावर गेली? रांगेत त्याची जागा रिकामी होती.

बोटीपासून महामार्गापर्यंत

वाहतुकीची गोष्ट कोकणाला नवी नाही. आपल्या आजोबांच्या काळात मुंबईला जायचे म्हणजे बोटीने. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकण किनाऱ्यावर आजही ती आठवण निघते. पुढे प्रवासी बोटी बंद पडल्या आणि सगळा भार रस्त्यावर आला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली. त्यानंतर किती गणपती आणि किती ईदा खड्ड्यांतून गेल्या, ते वाचकांना सांगायची गरज नाही.

परदेशातल्या मुलाची सुट्टी दिवसांत मोजलेली असते. विमानतळावर उतरल्यापासून घराच्या ओटीवर पाऊल ठेवेपर्यंत जो वेळ जातो, तो त्याच्या मुलाबाळांच्या वाट्यातून जातो. सुट्टीच्या हंगामात विमानाचे तिकीट कडाडते, तेव्हा कितीतरी जण एक वर्ष थांबतात. हे तिकीट पुढे मतदानाच्या हिशेबातही येणार आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे.

वाहतुकीच्या धोरणाचा घरातल्या बाईला थेट उपयोग कसा होतो, याचेही उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या तिकिटात महिलांना निम्मी सवलत आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना, बँक, तहसील कचेरी अशी कामे आता सून एकटी करून येते, आणि त्यासाठी कोणाची मोटारसायकल रिकामी होण्याची वाट पाहत नाही. ही सवलत मतदार म्हणून बायकांची संख्या पाहूनच आली, असे कोणी म्हणाले तर आम्ही वाद घालणार नाही. उलट असे म्हणू की, संख्या दिसली की धोरण हलते.

दहावीचा कागद आणि हातातले काम

तिसरे धोरण प्रशिक्षणाचे. धाकटा दहावीत आहे. ‘भाई बोलावून घेईल, मग शाळा कशाला?’ हे वाक्य आपल्या गावांत अजून ऐकू येते. ज्याच्या कानावर ते पडेल त्याने पुढचे नीट वाचावे.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो. अशा पासपोर्टवर सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, अमिराती यांच्यासह १८ देशांत नोकरीला जायचे तर सरकारची मंजुरी लागते. ही अट कामगाराच्या संरक्षणासाठी आहे. तिच्याबरोबर विम्याचे कवचही येते. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता भरून १० लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते. पण मंजुरी टाळण्यासाठी नोकरीच्या जागी टुरिस्ट व्हिसावर पाठवणारा एजंट भेटला, की संरक्षण, विमा, करार हे सगळेच हातचे जाते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येते. कोणी लाखाची गोष्ट करत असेल, तर त्याला नोंदणी क्रमांक विचारावा आणि रकमेची पावती मागावी. बहुतेक वेळा तिथेच बोलणे संपते.

आणखी एक बदल घरोघरी कळायला हवा. सौदी अरेबियाने भारतातून येणाऱ्या कारागिरांसाठी कौशल्य पडताळणीची परीक्षा सुरू केली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी दुरुस्ती अशा कामांपासून तिची सुरुवात झाली. ‘हाताखाली शिकलो’ एवढे सांगून भागण्याचे दिवस सरत चालले आहेत. आयटीआयमधला वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि फिटरचा दोन वर्षांचा. दहावी आणि त्यावर हे प्रमाणपत्र, एवढ्या दोन कागदांनी पगाराचा आकडा बदलतो आणि मालकासमोरची मानही बदलते. मुलाचे तिकडे जमले नाही आणि तो परत आला, तरी कागद त्याच्याबरोबर परत येतो.

पण आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये आखाताला हवे असलेले ट्रेड आहेत का, तिथे शिक्षक भरलेले आहेत का, यंत्रे कोणत्या काळातली आहेत, मुलींसाठी वसतिगृह आहे का? हे कोण विचारणार? आमदार मत मागायला येतो तेव्हा विचारायचे हे प्रश्न आहेत. विचारणाऱ्याचे नाव मात्र मतदार यादीत असले पाहिजे.

पैसा येतो, मत येत नाही

आता चौथ्या धोरणाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशापैकी सुमारे एक पंचमांश महाराष्ट्रात आला, आणि सर्व राज्यांत हा वाटा सर्वांत मोठा होता. देशात आलेल्या एकूण पैशापैकी सुमारे ३८ टक्के आखाती देशांतून होता. महाराष्ट्राच्या आकड्यात मुंबईतल्या बड्या कंपन्यांत काम केलेल्यांचा भाग मोठा असणार, हे उघड आहे. पण कुवेतच्या वेल्डरचा पैसाही त्यातच आहे. आखातात सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांच्या पैशाची नोंद रुपयापर्यंत होते. त्यांच्या मताचे काय होते ते पाहा.

२०१० पर्यंत परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाला कायद्याने वेगळे स्थान नव्हते. मतदार व्हायचे तर त्या जागी ‘सामान्यतः रहिवासी’ असावे लागते, आणि तो तर तिथे राहत नव्हता. २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०११ पासून ‘परदेशस्थ मतदार’ हा वर्ग आला. भारताचा पासपोर्ट आहे, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही आणि नोकरी-शिक्षणासाठी बाहेर आहे, अशा माणसाला पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर नाव नोंदवता येते. त्यासाठी नमुना ६ क भरायचा नाही, तर इंग्रजी ‘ए’ अक्षराचा, म्हणजे ६ए, भरायचा. नाव त्याच भागाच्या यादीत वेगळ्या विभागात येते.

पण एक अट आहे. मत द्यायला स्वतः मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर यावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष मत दिले सुमारे तीन हजारांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे होते. रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या मतदारसंघांत मतदान ७ मे २०२४ ला होते. तो सुट्टीचा महिना, त्यामुळे जे आधीच गावात होते त्यांना तरी देता आले. विधानसभेला २० नोव्हेंबरला कोण येणार? विमानाचे तिकीट काढून, पगार कापून घेऊन मत देणारा विरळाच. ज्या हक्काची किंमत दोन महिन्यांच्या बचतीइतकी पडते, तो हक्क कागदावरच राहतो.

उपाय सुचले नाहीत असे नाही. परदेशातून मत देता यावे म्हणून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. निवडणूक आयोगाच्या समितीने दोन वाटा सुचवल्या, एक टपाली मतपत्रिकेची आणि दुसरी प्रतिनिधीमार्फत मत देण्याची. प्रतिनिधीमार्फत मताचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत झाले नाही, आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते रद्द झाले. २०२० च्या अखेरीस आयोगाने कायदा मंत्रालयाला कळवले की, सैनिकांना जशी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाते आणि ते ती छापून, मत नोंदवून टपालाने परत पाठवतात, तशी सोय परदेशस्थ मतदारांसाठी करायला आपली तयारी आहे. गोष्ट अजून तिथेच आहे. देशातल्या देशात स्थलांतर केलेल्यांसाठी आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ७२ मतदारसंघांची मते एकाच ठिकाणी घेऊ शकणारे दूरस्थ मतदान यंत्र जाहीर केले आणि जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर ठेवले. पक्षांनी शंका काढल्या. यंत्र वापरात आले नाही.

शंका खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा पासपोर्टच मालकाच्या कपाटात आहे, जो कॅम्पमध्ये दहा जणांच्या खोलीत राहतो, त्याचे मत गुप्त कसे राहील? दूतावास शंभर मैलांवर असेल तर तो सही-शिक्क्यासाठी जाणार कसा? प्रतिनिधी नेमला तर प्रतिनिधी ज्याला हवे त्यालाच मत देईल, आणि गावातला एखादा पुढारी वीस मतांचा प्रतिनिधी होऊन बसेल, ही भीती तर आम्हालाच वाटते. म्हणून प्रतिनिधीची वाट आम्हाला पटत नाही. पण टपाली मतपत्रिकेच्या अडचणी सोडवता येण्याजोग्या आहेत. सीमेवरच्या सैनिकासाठी त्या सोडवल्या गेल्या. देशाला पैसा पाठवणाऱ्या कामगारासाठी आणि व्यापारी जहाजावरच्या खलाशासाठी त्या का सुटू नयेत, हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारला गेला पाहिजे.

घरात जी उरतात त्यांचे वजन

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत त्या घरात मते कोणाची उरतात? अब्बा, अम्मी, दादी आणि सून. चारांत तीन बायका. आखाताची घरे ही मतांच्या हिशेबाने बायकांची घरे आहेत. परदेशातल्या मुलाच्या विम्याबद्दल, एजंटाबद्दल, महामार्गाबद्दल, आयटीआयबद्दल कोणी बोलायचे असेल तर ते यांनीच. म्हणून सुनेने मत द्यायला जाणे ही हौस नाही, हजारो किलोमीटरवर असलेल्या नवऱ्याची बाजूही तीच मांडते आहे. आणि ते मत तिचे स्वतःचे आहे. कुवेतहून फोनवर आलेल्या सूचनेचे नाही. सल्ला घ्यावा, चर्चा करावी, पण बटण दाबताना तिची स्वतःची समज आणि सदसद्विवेक एवढेच आत असावे. मत ही अमानत आहे, आणि अमानत ज्याच्याकडे दिली त्यानेच तिचा हिशेब द्यायचा असतो.

इथे एक जुनी हकीकत आठवते. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. यादी करताना असे आढळले की लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. सेन यांनी तशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. सुमारे २८ लाख बायकांची नावे त्यामुळे यादीबाहेर राहिली. तो निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपली नावे सांगू लागल्या.

आज आपल्या घरांत नाव सांगायचा संकोच नाही, पण नावाचा गोंधळ आहे. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, निकाहनाम्यावर तिसरे. कुठे फातिमा, कुठे फातेमा. कुठे बी लावलेले, कुठे गाळलेले. आडनाव माहेरचे की सासरचे. कुठे मोहम्मद पूर्ण, कुठे त्याचे ‘मो.’. एरवी कोणाचे काही अडत नाही. यादीची कसून तपासणी होते तेव्हा मात्र हाच फरक अंगावर येतो. २०२५ मध्ये बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झाले. १ ऑगस्टला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत, कायमचे स्थलांतरित, दोन ठिकाणी नोंद, पत्त्यावर न सापडलेले, अशी कारणे दिली गेली. वगळलेली नावे कारणांसह लोकांसमोर ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. दुसऱ्या टप्प्यात गोवा आणि केरळसह १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेश घेतले गेले. ही फेरी टप्प्याटप्प्याने देशभर व्हायची आहे.

घाबरून जायचे कारण नाही आणि अफवा पसरवायचे तर मुळीच नाही. मृतांची आणि दुबार नावे यादीतून निघालीच पाहिजेत. पण ‘पत्त्यावर सापडला नाही’ हा शेरा आखाती घराच्या दारावर किती सहज बसू शकतो, ते ओळखून आधीच तयारी केलेली बरी.

या महिन्यात करायची कामे

एका रविवारी सगळ्यांचे कागद काढा आणि पुढील गोष्टी पाहा.

१. यादीत नाव आहे का ते प्रत्यक्ष पाहा. ओळखपत्र घरात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असे नाही. यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवले असेल, तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना अशा इतर कागदांवर मत देता येते; नाव नसेल तर ओळखपत्राचा उपयोग नाही. आपल्या भागाचा बीएलओ कोण हे माहीत करून घ्या. बहुतेक ठिकाणी तो गावातला शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असते. १९५० हा मदतीचा फोन क्रमांक आहे.

२. नवे नाव नोंदवायचे तर नमुना ६. वय १८ पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षे झाली की आगाऊ अर्ज देता येतो.

३. नावातली चूक सुधारायला, किंवा लग्नानंतर सासरच्या पत्त्यावर नाव आणायला नमुना ८. सुनेचे नाव माहेरच्या गावात पडून राहू देऊ नका.

४. मुंबई-मुंब्र्याला खोली आणि गावात घर, दोन्हीकडे नाव, हे पुष्कळांचे असते. कायद्याने एकाच ठिकाणी नाव ठेवता येते, आणि खोटे निवेदन केले तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. कुठले ठेवायचे ते घरात ठरवा आणि दुसरे नमुना ७ भरून काढून टाका.

५. नोकरीसाठी बाहेर असलेल्याचे नाव नमुना ६ए भरून परदेशस्थ मतदार म्हणून नोंदवा. जुने मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावे लागते. त्याचा पासपोर्ट हेच ओळखपत्र होते. चौकशीला बीएलओ गावच्या घरी येतो, तेव्हा घरातल्यांनी नीट माहिती द्यावी. कायमचा परत आला की पुन्हा नमुना ६ भरून सामान्य मतदार व्हावे. काही काळापुरते गाव सोडल्याने मात्र हक्क जात नाही.

६. नाव काढण्यासाठी कोणी हरकत घेतली तर तुमचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय निर्णय होऊ नये, असा नियम आहे. नोटीस आली तर ती ‘अब्बा आल्यावर बघू’ म्हणून कपाटावर ठेवू नका. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तिथेही न पटले तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

७. दादी ८५ वर्षांवरची असेल, किंवा घरात ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेले कोणी असेल, तर लोकसभा-विधानसभेला घरी बसून मत देता येते. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ डी द्यावा लागतो. आणि बुरखा घालणाऱ्या भगिनींची ओळख पटवायला केंद्रावर महिला कर्मचाऱ्याची सोय असते. न दिसल्यास शांतपणे मागावी.

गावची जमात यात फार मोठे काम करू शकते. मशिदीत प्रचार नको. धर्माच्या नावाने मत मागणे कायद्यानेही भ्रष्ट आचरण आहे आणि आपल्या मनालाही पटणारे नाही. पण शाळेच्या किंवा जमातीच्या हॉलमध्ये एखादी संध्याकाळ यादी मोठ्याने वाचली, वारलेल्यांची नावे टिपली, राहिलेल्यांचे अर्ज भरून दिले, तर त्यात कोणत्या पक्षाचे काही नाही. ती बैठक बायकांच्या सोयीच्या वेळी घ्यावी आणि अर्ज भरायला कॉलेजातल्या मुलींना बसवावे. शेजारच्या मोहल्ल्यातल्या, वाडीतल्या हिंदू-बौद्ध शेजाऱ्यांनाही बोलवावे. त्यांचीही मुले मुंबईत आणि दुबईत आहेत, आणि महामार्गावरचे खड्डे सगळ्यांचे एकच आहेत.

पंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांसाठीही विधानसभेची यादीच आधार धरली जाते. महाराष्ट्रात या संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आज जी सून यादीतले आपले नाव तपासते आहे, ती उद्या त्या जागेवर उभी राहू शकते. मग आयटीआयच्या रिकाम्या वर्गाबद्दल ती अर्ज घेऊन दारात थांबणार नाही, सभागृहात बसून विचारील.

कुवेतला आज रात्री फोन लागेल तेव्हा पगार आणि तब्येत विचारून झाल्यावर एवढे जरूर विचारा, ‘तुझ्या पासपोर्टवर पत्ता कुठला आहे?’ अर्ज भरायला तिथून सुरुवात होते.